बाबा नवीन 'साराभाई' बघताना उठून का जातात?

"मॅडम, बाबा त्याच त्याच जुन्या सिरियल बघतात, नवीन काही लावलं की उठून जातात, डिप्रेशन तर नाही ना?" हा प्रश्न माझ्याकडे सारखा येतो, आणि बहुतेक वेळा विचारणारा मुंबई-पुण्याला नोकरी करणारा मुलगा किंवा मुलगी असते, सुट्टीत चार दिवस घरी राहून गेलेली, कारण फोनवर जे कळत नाही ते चार दिवस एकत्र राहिलं की दिसतं. त्यातलीच एक केस सांगते, ओळख पटेल असं सगळं बदललंय.

काका रत्नागिरीजवळच्या एका बंदरावर बर्फाच्या फॅक्टरीत ऑपरेटर होते, आता रिटायर झालेत, मुलगा पनवेलला असतो. घरात सगळ्यांचा जीव 'साराभाई वर्सेस साराभाई'वर, स्टार वनवर 2004 ते 2006 लागायची ती हिंदी कॉमेडी सिरियल. काका म्हणजे वाडीतले इंद्रवदन, म्हणजे सिरियलमधला बायकोला, मायाला, सतत चिडवणारा नवरा, काकूंना चारचौघांत 'माया' म्हणून हाक मारणार, आणि काकूंनी चुलीवर सुकट भाजायला घेतली की नाक मुरडून मायासारखं "किती मिडल क्लास" म्हणणार, मग सगळ्यात जास्त सुकट खाणार पण हेच.

2025 च्या ऑक्टोबरमध्ये इंद्रवदनचं काम करणारे सतीश शहा गेले तेव्हा काका फार हळहळले. मुलाला आठवलं की 2017 ला हॉटस्टारवर नवीन सीझन आलेला, इंद्रवदन, माया, साहिल, मोनिशा, रोसेश सगळे तेच कलाकार, आणि बाबांनी तो बघितलेलाच नाही, म्हणून नाताळच्या सुट्टीत त्याने हौसेने लावला. तर काका थोड्याच वेळात उठून पडवीत जाऊन बसले. दुसऱ्या दिवशी पण तेच. आणि रात्री जुना एपिसोड लावल्यावर हेच काका पोट धरून हसतायत. वाडीच्या मीटिंगला जाणं पण बंद केलंय, कोणाचा फोन आला की काकूंकडे देतात. मुलाने गूगल केलं आणि व्हायची ती घबराट झाली.

काका यायला तयार नव्हते. रत्नागिरीत डोक्याच्या डॉक्टरचं नाव काढलं की लोकांना थेट मनोरुग्णालयच आठवतं, त्यामुळे मुलाने बीपी तपासायचं सांगून आणलं. हे मला अजिबात आवडत नाही, पहिल्याच भेटीत माणूस फसवला गेला की तो बोलणार काय? सुदैवाने काका बोलले. झोप बरी, जेवण व्यवस्थित, बागेत नारळाला आळी करणं चालू. ज्येष्ठांसाठी डिप्रेशनची 15 प्रश्नांची एक चाचणी असते, त्यातही काळजी करण्यासारखं काही निघालं नाही. डिप्रेशनमध्ये मन जुन्या आवडीतूनही उडतं, काकांनी तर मला जुन्या 'साराभाई'चा एक अख्खा प्रसंग आवाज काढून करून दाखवला.

मग विचारलं, नवीन का नाही आवडला? म्हणाले, "सगळे पुटपुटतात. काय बोलतात तेच कळत नाय."

ओठ दिसू नयेत म्हणून मी हातातली फाईल तोंडासमोर धरली आणि नेहमीच्या आवाजात विचारलं, काका, चहा घेणार का? काका लगेच म्हणाले, "हां, सहाचीच एसटी आहे आमची."

बर्फाच्या फॅक्टरीत कॉम्प्रेसर दिवसरात्र धडधडत असतो, तिथे काकांची नोकरी झालेली. अशा आवाजाने काय किंवा वयाने काय, कानातून आधी बारीक, उंच पट्टीचे आवाज जातात, म्हणजे स, श, च, फ, ट असले. आ, ओ मात्र दणदणीत ऐकू येतात, त्यामुळे माणसाला वाटतं मला ऐकू तर येतंय, समोरचाच नीट बोलत नाही. बायकांचे आणि लहान मुलांचे आवाज आणखी अवघड जातात. आता कॉमेडीचा सगळा खेळ एका शब्दावर असतो, तो शब्द निसटला की घर हसतंय आणि आपण बघत बसलोय. जुने एपिसोड काकांना पाठ होते, कान जे गाळायचा ते डोकं भरून काढायचं. त्यात आताचे चपटे टीव्ही, त्यांचे स्पीकर बऱ्याचदा मागे नाहीतर खाली असतात, आवाज भिंतीवर आपटून येतो. मीटिंगमध्ये दहा जण एकदम बोलतात, तिथेही तेच. "मला ऐकू येत नाही" म्हणण्यापेक्षा उठून जाणं सोपं वाटतं माणसांना, त्यातून पुरुषांना तर जास्तच.

मी त्यांना कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे पाठवलं. आधी मळ काढला, मग ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, दोन्ही कान कमी निघाले, कानाचं मशीन लागलं. पहिले काही आठवडे काकांनी वैताग दिला, भांड्यांचा आवाज नको होतो म्हणून काढून ठेवायचे, हे सगळ्यांचंच होतं, रोज थोडा थोडा वेळ वाढवायचा. खर्च झेपत नसेल तर दारिद्र्यरेषेखालच्या ज्येष्ठांना राष्ट्रीय वयोश्री योजनेच्या शिबिरात मशीन मिळतं, चौकशी करा.

म्हणून कान तपासून घ्या आधी. पण दोन आठवड्यांहून जास्त काळ जुन्यातही मन रमत नसेल, झोप-जेवण बिघडलं असेल, "आता जगून काय करायचंय" असं तोंडात येत असेल, तर टीव्हीची चर्चा सोडा आणि मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा, नाहीतर 14416 ला टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनवर फोन करा, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.

काकांनी मशीन लावून नवीन सीझन शेवटपर्यंत बघितला, आणि मला येऊन निकाल सांगितला, "आता सगळं ऐकू आलं. तरी नाय जमलेला. जुन्याची सर नाय." मुलाला तो सीझन मनापासून आवडलाय, त्यामुळे आता रविवारी फोनवर बापलेकाची यावरून जुंपते, आणि फोन काकूंकडे जातच नाही.