आधी दोन वर्ग, मग जिल्हा

मुलांचं शिकणं सुधारायला शाळांसाठी नवा उपक्रम आखून तपासायचं काम पहिल्यांदाच हाती घेतलंय, तर उपाय शोधायची घाई नको. आधी मुलांचं अडतंय कुठे ते बघा. वर्गात मागच्या बाकावर बसा. बेरीज-वजाबाकी झटपट करणाऱ्या मुलीची पेन्सिल शाब्दिक उदाहरणापाशी थांबत असेल, तर दुखणं बहुधा वाचनाचं आहे, गणिताचं नाही.

हजेरीपटही चाळा. दहा टक्के दिवस बुडाले, म्हणजे १८० पैकी १८, की ते मूल मागे पडायची भीती खरी.

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- सुरुवातीची चाचणीच घेत नाहीत. मग फरक मोजणार कशाशी?
- फक्त उत्साही शिक्षकांचे वर्ग निवडतात. तिथे काहीही चालतं! साधे वर्ग घ्या, आणि तसाच एक वर्ग उपक्रमाविना तुलनेला ठेवा.
- उपक्रम एकदम सगळ्या शाळांत लागू करतात.

आकडेवारीचं किचकट प्रकरण नंतर बघू. पहिल्या चाचणीचे गुण हातात आले की कळवा.