पायांनी दिसणं: सी अर्चिनसाठी कोणतं क्रियापद?

गोव्यातल्या डिचोलीच्या एका विज्ञान शिक्षिकेचा प्रश्न आहे. मुलांना त्यांनी ओहोटीच्या वेळी हणजूणच्या खडकांवर नेलं होतं. परत आल्यावर एका मुलीने सी अर्चिन या गोल, काटेरी समुद्री प्राण्याविषयी वहीत लिहिलं, ‘सी अर्चिनला डोळे नसतात, तो पायांनी सभोवताल न्याहाळतो.’ बाईंनी ‘न्याहाळतो’ खोडून ‘त्याला प्रकाश जाणवतो’ असं केलं, पण तेही मनाला पटेना. बरोबर काय?

‘न्याहाळतो’ खोडलंत ते योग्यच. न्याहाळणे, निरखणे या क्रियापदांत बारकावा टिपणं येतं आणि तो सी अर्चिनकडे नाही. पण ‘प्रकाश जाणवतो’ म्हटलं की त्याच्या पदरात फार थोडं पडतं. डोळे मिटून उन्हात बसलं तरी आपल्याला उजेड जाणवतो, कोणी समोरून गेलं तर सावलीही जाणवते. डायडेमा हा लांब काट्यांचा सी अर्चिन सावली पडताच काटे तिच्या दिशेने वळवतो, तिथवर ‘जाणवणे’ पुरेल.

त्यापुढची गोष्ट स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठाच्या 2018 च्या प्रयोगाची. आफ्रिकी डायडेमाला उजळलेल्या गोल पात्रात ठेवून भिंतीवर काळी आकृती दाखवली. आकृतीभोवतीचा भाग अधिक उजळ ठेवून एकूण उजेड सारखाच राखला होता, म्हणजे नुसत्या कमी-जास्त प्रकाशावरून ती ओळखता येऊ नये. तरीही आकृती पुरेशी मोठी असली की सी अर्चिन तिच्याकडे चालत गेले. ‘पुरेशी मोठी’ म्हणजे नजरेच्या कोनात 30 ते 70 अंश रुंद. हात लांब करून मूठ धरली तर ती साधारण 10 अंशांची भरते, तेव्हा निदान तीन मुठी शेजारी शेजारी. पौर्णिमेचा चंद्र जेमतेम अर्धा अंश. नजर अंधुक खरी, पण आकृती कुठे आहे ते त्याला कळतं. याला मराठीत ‘दिसणे’च म्हणावं लागेल.

आणि हे क्रियापद इथे किती चपखल बसतं पाहा. ‘दिसणे’ आलं संस्कृत ‘दृश्यते’वरून, प्राकृतात ‘दिस्सइ’. मुळात ते कर्मणी रूप आहे: वस्तू दिसते, ज्याला दिसते तो ‘मला’, ‘त्याला’ असा बाजूला उभा. कशाने दिसतं हे क्रियापद सांगतच नाही, डोळा आपण गृहीत धरतो. (उलट नारळाला तीन डोळे असूनही त्याला काही दिसावं अशी आपली अपेक्षा नसते.)

मग कशाने दिसतं? नलिकापादांनी, म्हणजे त्याच्या नळीसारख्या बारीक, मऊ पायांनी. जांभळ्या सी अर्चिनच्या नलिकापादांच्या टोकांशी आणि बुडाशी प्रकाशग्राही पेशी आहेत, हे 2011 मध्ये दाखवलं गेलं. आपल्या दृष्टिपटलातल्या रंगद्रव्यांच्याच कुळातलं ऑप्सिन हे प्रथिन त्यांत असतं. उजेड कोणत्या बाजूने येतो हे ठरवायला आडोसा लागतो, तो बहुधा त्याचं स्वतःचं अपारदर्शक कवचच पुरवतं. आपल्यासारखा मेंदू नाही, तोंडाभोवती एक चेताकडं (मज्जातंतूंचं कडं) आणि त्यातून निघालेल्या चेता, एवढंच.

‘पाहतो’ चालेल का? माझ्या मते चालेल. वैद्य नाडी पाहतो ती बोटांनी, आणि आई म्हणते ‘ताप आहे का, हात लावून बघ’. चालणं, चिकटणं, चाचपणं ही कामंही करणाऱ्या अवयवाने कोणी ‘पाहिलं’, तर मराठी कानाला खटकू नये. तरी शाळेच्या वहीत मी ‘दिसणे’च ठेवीन, कारण ‘पाहणे’त हेतू डोकावतो. ‘मला दिसलं, पण मी पाहिलं नाही’ असं आपण म्हणतोच.

नावाविषयीही थोडं. इंग्रजी ‘अर्चिन’ आणि पोर्तुगीज ‘ओरिसु’ ही दोन्ही नावं काटेरी प्राण्याच्या एकाच लॅटिन शब्दातून आली. म्हणून आपल्या साळिंदरावरून ‘समुद्री साळू’ मला आवडेल, मात्र पाठ्यपुस्तकात ‘सी अर्चिन’ रुळलंय.

तेव्हा त्या मुलीचं वाक्य असं करा: ‘सी अर्चिनला डोळे नसतात, त्याला पायांनी अंधुक दिसतं.’ ‘पायांनी’ हा शब्द खोडू नका.