टीएचडी ०.५ टक्के आणि ०.०५ टक्के: कानाला फरक कळतो का?

भाऊ, टीएचडी म्हणजे अँप मूळ सुरात स्वतःचे जादा सूर मिसळून जो बिघाड (डिस्टॉर्शन) करतो, त्याचा टक्का. गाणी ऐकताना त्यातला एवढा फरक बहुतेक वेळा नाही कळत. मी जळगावात अँप जोडून देतो, दुरुस्तही करतो. नुसत्या त्या आकड्यासाठी दुप्पट पैसे मोजू नका. मोठ्या आवाजात बासचा स्पीकर स्वतःच एखादा टक्का डिस्टॉर्शन सहज घालतो.

टक्के किती, यापेक्षा कोणते हार्मोनिक, म्हणजे मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट अशा पटीतले सूर, वाढले ते बघायचं. २४० हर्ट्झचा सा अँपमध्ये सोडला, तर दुसरा हार्मोनिक ४८०, म्हणजे वरचा सा. तिसरा ७२०, त्याच्या वरचा पंचम. पाचवा १२००, गंधार. तंबोऱ्याच्या खर्जातून आपसूक निघतो तोच. हे सुरात मिसळतात, शिवाय मूळ सुराचा जोर जवळच्या बारीक सुरांना झाकून टाकतो. म्हणून ट्यूबच्या अँपमधला एक टक्का दुसरा हार्मोनिक कित्येकांना गोडच लागतो. सातवा मात्र कोमल निषादाच्याही खाली उतरतो, पेटीच्या एकाही पट्टीशी जुळत नाही. त्याहून वरचे मूळ सुरापासून इतके लांब असतात की ते झाकले जात नाहीत. थोडे असले तरी टोचतात.

असे वरचे हार्मोनिक दोन ठिकाणी निघतात. एक, ५२००-१९४३ या ट्रान्झिस्टर जोडीच्या अँपचा बायस (ट्रान्झिस्टर कायम थोडे चालू ठेवणारा करंट) कमी ठेवला की. लाट शून्यातून जाताना तिथे खाच पडते, आणि आवाज जितका लहान तितका तिचा वाटा मोठा. रात्री हळू लावलेलं गाणं खरबरीत वाटतं ते यामुळे, आणि पूर्ण पॉवरवर मोजलेल्या आकड्यात हे दिसतच नाही. दुसरं क्लिपिंग. सप्लायचे व्होल्ट संपले की लाटेचा माथा कापला जातो. कानबाईच्या मिरवणुकीत डीजेचा आवाज ‘फाटतो’ तो हाच, आणि त्यातच ट्विटर जळतात.

बरं, गाण्यात सूर एकटा नसतो. १००० आणि ११०० हर्ट्झ एकत्र गेले की त्याच दोषातून १००, ९००, १२०० असे भलतेच सूर तयार होतात. कोरस गढूळ होतो तो यांनी, हार्मोनिकने तितका नाही.

दुकानात आधी अगदी हळू आवाजात एकट्या गळ्याचं गाणं लावा, मग लागेल तितक्या मोठ्या आवाजात कोरस. आणि वॅट सांगितले की ते किती टक्क्यांवरचे, हे विचाराच. ४४४० या अँपच्या आयसीचे ब्रिजमधले (दोन्ही चॅनल एकाच स्पीकरला जोडून) १९ वॅट १० टक्के डिस्टॉर्शनवरचे आहेत. त्या वॅटला गाणं फाटलेलंच असतं.