इस्फहानचं वांक चर्च बाहेरून मशिदीसारखं का दिसतं? आधी तिथे मशीद होती का?

नाही हो, मशीद तिथे कधीच नव्हती, पहिल्या विटेपासून चर्चच आहे ते. पण तुम्हाला फोटो बघून तसं वाटलं यात तुमची काही चूक नाही, मला तर प्रत्यक्ष समोर उभा राहून वाटलं होतं. २०१६ ला इराणला गेलो होतो तेव्हा टॅक्सीवाल्याने मला तिथे सोडलं, मी बघतो तर मातकट विटांची भिंत, टोकदार कमानींचे कोनाडे आणि वर तोच निमुळता घुमट जो मी दोन दिवस त्या शहरात जिकडेतिकडे बघत होतो. मी त्याला म्हटलं अरे बाबा कलिसा, कलिसा (फारसीत चर्चला हाच शब्द), मस्जिद नको. तो काही बोलला नाही, फक्त बोट वर केलं. घुमटाच्या टोकावर क्रॉस होता, एवढासा.

आता मी आर्किटेक्ट नाही आणि इतिहासकार तर नाहीच. बांधकामाच्या साइटवर १८ वर्षं सुपरवायझर म्हणून काढली, त्यामुळे कुठलीही जुनी इमारत बघितली की माझ्या डोक्यात पहिला प्रश्न येतो की गवंडी कुठले होते आणि पैसे कुणी दिले. धर्मबिर्म नंतर. तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला तरी या दोन गोष्टींतच सापडतं, म्हणून जरा लांबण लावतो.

हे चर्च आर्मेनियन लोकांचं, म्हणजे आर्मेनियाकडच्या ख्रिश्चन समाजाचं. तर आधी हे लोक इस्फहानला आले कसे ते. १६०४ साली इराणचा बादशहा शाह अब्बास पहिला याची उस्मानी तुर्कांशी लढाई चालू होती. अरास नदीच्या काठावर जुल्फा नावाचं आर्मेनियन व्यापाऱ्यांचं श्रीमंत गाव होतं. तुर्कांच्या हाती काहीच लागू नये म्हणून शाहने तो सगळा मुलूखच उठवला, घरंदारं जाळली आणि माणसं नदीपलीकडे हाकलली. कित्येक जण नदीतच बुडाले, कित्येक वाटेत थंडीने गेले. इंटरनेटवर "शाह अब्बासने आर्मेनियन लोकांना आसरा दिला" अशी गोड वाक्यं वाचायला मिळतात ना, ती वाचताना हे लक्षात ठेवा. पण जुल्फाचे व्यापारी मात्र त्याला जिवंत हवे होते, कारण इराणचं रेशीम युरोपपर्यंत विकायचं कसब त्यांच्याकडे होतं. म्हणून त्याने त्यांना आपल्या राजधानीलगत, म्हणजे इस्फहानलगत, झायंदे रूद नदीच्या दक्षिण काठावर जागा दिली, चर्च बांधायची मुभा दिली. तेच नवं जुल्फा. शहरातून तिकडे जायला ३३ कमानींचा पूल आहे, फोटोत बघितलाच असेल. आजही त्या मोहल्ल्यात डझनभर जुनी चर्च उभी आहेत.

वांक म्हणजे आर्मेनियन भाषेत मठ. चर्चचं खरं नाव पवित्र तारणहाराचं चर्च. १६०६ च्या सुमाराला आधी लहानसं बांधलं होतं, मग लोकांच्या हातात पैसा आला आणि १६५५ ते १६६४ मध्ये आज दिसतं ते मोठं काम झालं.

आता गवंडी. इस्फहान हे विटेचं शहर. मशीद विटेची, सराई विटेची, पूल विटेचा, हमामखाना विटेचा. मोठं लाकूड महाग, म्हणून तिथल्या कारागिरांनी सेंट्रिंगचा मोठा सांगाडा न लावता कमान आणि घुमट चढवायची युक्ती पिढ्यान्‌पिढ्या घोटलेली, जिप्समचा मसाला वापरायचा, तो बघता बघता धरतो, वीट चिकटली की पुढची वीट. त्या मसाल्याला ते गच म्हणतात, आपल्या चुनेगच्चीतला गच तो हाच. आता अशा गवंड्याला तुम्ही सांगितलं की मला चर्च बांधून दे, तर तो प्लॅन तुमचा घेईल, पूर्वेला काय आणि पश्चिमेला काय ते तुम्ही सांगाल तसं करेल, पण कमानीचा बाक? तो त्याच्या हातातला असतो. आमच्या साइटवर पण हेच बघितलंय, ड्रॉइंग काहीही येवो, जिना कुठल्या गावच्या टोळीने घातलाय ते पायरीवरून कळतं.

हे नुसतं माझं साइटवरचं ज्ञान नाही बरं का, याला पुरावाही आहे आणि तो मला फार आवडतो. इराणच्या उत्तरेला, त्याच अरास नदीजवळ, सेंट स्टेपानोसचा मठ आहे. तब्रीझहून टॅक्सी करून गेलो होतो, डोंगराच्या कुशीत, आणि नदीपलीकडे अझरबैजानचा नखिचेवान प्रांत. मठ जुना आहे पण आजची इमारत बरीचशी १६४० आणि ५० च्या दशकातली, म्हणजे वांकच्या जेमतेम आधीची. राज्य तेच, समाज तोच, पंथ तोच. आणि दिसायला? घडीव दगड, उंच गोल गळा (म्हणजे छताखालचा नळकांड्यासारखा भाग), त्यावर मिटलेल्या छत्रीसारखं घड्या पडलेलं शंकूच्या आकाराचं छत. लांबून बघूनच कळतं की आर्मेनियन चर्च. कारण तिथे दगड होता आणि दगडात पिढ्यान्‌पिढ्या काम केलेले हात होते. (गंमत म्हणजे त्याच्याही दाराच्या वर मधमाशांच्या पोळ्यासारखं मुकरनसचं कोरीव काम आहे, जे आपण इस्लामी इमारतींत बघतो. म्हणजे हात तिकडेही मिसळलेलेच.) तर धर्मामुळे इमारतीचा आकार ठरला असता तर या दोन्ही इमारती सारख्या दिसायला हव्या होत्या. नाही दिसत.

त्याच भागात सेंट थॅडियसचा मठ आहे, लोक त्याला कारा कलिसा म्हणतात, काळं चर्च, १३१९ च्या भूकंपानंतर पुन्हा उभारलेला, जुना भाग काळ्या-पांढऱ्या दगडाच्या पट्ट्यांचा. आणि एक झोरझोरचं छोटं चॅपल, धरणाच्या पाण्याखाली जाणार होतं म्हणून १९८७-८८ ला इराण सरकारने दगडांना नंबर टाकून सुटं केलं आणि साधारण ६०० मीटरवर परत जुळवलं. हे तिन्ही मिळून २००८ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेले. झोरझोरला जायचं राहिलं, अजून मनाला लागून आहे, दगडाला नंबर टाकून इमारत हलवणं म्हणजे माझ्यासारख्याला देवदर्शनच.

परत वांकला येऊ. बाहेरून जे मशिदीसारखं वाटतं त्यातही नीट बघितलं तर फरक आहेत. घुमटावर टाइल्स नाहीत, उघडी वीट आहे, त्याच शहरातल्या शेख लुत्फुल्लाच्या मशिदीचा घुमट कसा लखलखतो, तसं काही नाही. तिथल्या मशिदींना असतो तो मोठा दर्शनी इवान, म्हणजे समोरून उघडी उंच कमानीची देवडी, नाही. वेदी पूर्वेला, आणि ती आतल्या फरशीपासून चांगली उंच, स्टेजसारखी, आर्मेनियन चर्चमध्ये तशीच असते आणि तिला पडदाही असतो. अंगणात सुटा घंटाघर आहे, १७०२ चा, त्याच्याही कमानी अर्थात इस्फहानी.

मग तुम्ही आत जाता.

मी खरंच सांगतो, दारातून आत पाऊल टाकलं आणि दोन मिनिटं काही समजेना. बाहेरची ती मातीच्या रंगाची गप्प भिंत आणि आत एक इंच जागा मोकळी नाही. खाली कमरेच्या वरपर्यंत टाइल्स, पिवळ्या-निळ्या, वेलबुट्टी, फुलं, पानं, अगदी तशाच ज्या शहरातल्या वाड्यांत आणि मशिदींत आहेत. या टाइल्सना हफ्त-रंगी म्हणतात, म्हणजे सात रंगांच्या. आधीची पद्धत अशी होती की एकेका रंगाच्या टाइलचे तुकडे कापून जुळवायचे, वेळखाऊ काम, तर शाह अब्बासला सगळं घाईत हवं असायचं म्हणून ही पद्धत जोरात आली, एकाच चौकोनी टाइलवर सगळे रंग भरायचे आणि रंग एकमेकांत मिसळू नयेत म्हणून मधे तेलकट काळी रेघ ओढायची. भट्टीत तेल जळून जातं, काळी रेघ राहते. जवळ जाऊन बघितलं तर ती रेघ दिसते, कुठे जाड कुठे बारीक, हाताने ओढलेली.

आणि या फुलांच्या पट्ट्याच्या बरोब्बर वर काय असावं तर एका माणसाचे हाल. संत ग्रेगरी, ज्याने आर्मेनियाच्या राजाला ख्रिश्चन केलं, परंपरेने साल ३०१ सांगतात. त्याआधी त्याच राजाने त्याला छळलं होतं, मग खोल विहिरीसारख्या खड्ड्यात १३ वर्षं टाकून दिलं, अशी कथा. तो छळ एकेका चौकटीत रंगवलाय, उलटा टांगलाय, पायात खिळे ठोकतायत, सगळं निवांत तपशिलात. माझ्या बाजूला एक इराणी कुटुंब होतं, त्यांची छोटी मुलगी एकेका चित्राकडे बोट दाखवून वडिलांना विचारत होती आणि त्या बिचाऱ्याला काय सांगावं कळेना. त्याच्या वर बायबलचे प्रसंग, मोठं अंतिम न्यायाचं चित्र, स्वर्ग वर आणि खाली नरक जिथे सैतानी जनावरं माणसं गिळतायत. आणि घुमट आतून निळा आणि सोनेरी, शुद्ध इराणी नक्षी, तुम्ही फक्त वर बघून फोटो काढला तर कुणीही मशीदच म्हणेल. पण त्या घुमटाच्या गळ्याशी, खिडक्यांच्या मधे, आदम आणि हव्वा आहेत.

आता इथे दुसरा प्रश्न, पैसे कुणाचे. कारण आर्मेनियन चर्च आतून एवढी रंगवलेली नसतात सहसा, बरीचशी साधी, दगडी, काळोखी असतात. मग वांकमध्येच हा थाट का? तर हे पैसे देणारे खोजे, म्हणजे मोठे व्यापारी, व्हेनिस, लिव्होर्नो, ॲमस्टरडॅमला येऊन जाऊन असायचे. तिथली चर्च त्यांनी बघितलेली. युरोपातली छापील चित्रं ते गाठोड्यात बांधून आणायचे, आर्मेनियन भाषेतलं पहिलं छापील बायबल १६६६ मध्ये ॲमस्टरडॅमलाच छापलं गेलं आणि त्यात डच ठशांची चित्रं होती. भिंतीवरच्या चित्रांची मांडणी अशा छापील चित्रांवरून घेतलीय, म्हणून ती माणसं, ते कपड्यांच्या चुण्या, ते ढगावर बसलेले देवदूत तुम्हाला ओळखीचे वाटतात. वांकच्या चित्रांचा खर्च खोजा आवेदिक नावाच्या व्यापाऱ्याने केला. म्हणजे हिशोब असा: वीट आणि टाइल गावची, चित्राचा नमुना विलायती, भक्ती घरची. मला कुणी "इस्लामी प्रभाव" एवढं म्हणून विषय संपवला की थोडा रागच येतो.

एक थिअरी तुम्हाला वाचायला मिळेल की त्यांनी भीतीने चर्च मशिदीसारखं लपवलं. मला पटत नाही. लपवायचंय तर घुमटावर क्रॉस कोण लावेल, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा घंटाघर कोण बांधेल? त्रास नव्हता असं अजिबात नाही. शाह अब्बासच्या सफवी घराण्याच्या नंतरच्या राज्यात कर वाढले, घरातल्या एकाने इस्लाम स्वीकारला तर नातेवाइकांची इस्टेट त्याला मिळायची असाही कायदा होता, १७२२ ला अफगाणांनी लुटलं आणि पुढे नादिरशाहने तर पार पिळून काढलं. तेव्हा यातले बरेच जण सरळ हिंदुस्थानात आले, सुरत, मद्रास, कलकत्ता, जिथे त्यांच्या पेढ्या आधीपासून होत्याच. कलकत्त्याचं आर्मेनियन चर्च १७२४ चं, त्याचा स्थपती इराणहून आलेला. आणि मुंबईत फोर्टमध्ये मेडोज स्ट्रीटला, म्हणजे आत्ताच्या नगिनदास मास्टर रोडला, सेंट पीटर्स आर्मेनियन चर्च आहे, १७९६ ला स्थापन झालेलं. मी त्या रस्त्याने किती वर्षं गेलोय, कधी मान वर केली नव्हती, इस्फहानहून आल्यावर केली.

जायचा विचार असेल तर एक सांगतो. वांकच्या आवारात संग्रहालय आहे, तिथे सगळी गर्दी एका केसाभोवती असते, केसावर बायबलमधलं वाक्य कोरलंय आणि ते मायक्रोस्कोपमधून बघायचं. बघा, मजा आहे. पण छापखान्याकडे पण जा, याच वांकमध्ये १६३८ ला स्तोत्रांचं पुस्तक छापलं, इराणमध्ये छापलेलं पहिलं पुस्तक, आणि त्यासाठी टाइप, शाई, कागद सगळं या मठातल्या लोकांनी स्वतः बनवलं होतं, कुणाकडून शिकायची सोय नसताना. आणि बाहेर पडल्यावर लगेच टॅक्सी करू नका, चालत थोडं पुढे बेदखेम म्हणजे बेथलेहेमचं चर्च आहे, १६२०च्या दशकातलं, खोजा पेट्रोस नावाच्या व्यापाऱ्याने बांधलेलं. भिंतींवर चित्रं तिथेही भरपूर, गर्दी मात्र फार कमी, मान मोडेपर्यंत घुमट बघत उभं राहिलं तरी कुणी पुढे सरका म्हणत नाही. बंद असेल तर जुल्फाच्या चौकात कॉफी घेत थांबा, मी तेच केलं, तासाभराने उघडलं.