सार्वजनिक वाचनालयात सरकारी अहवाल, राजपत्र आणि पालिकेचा अर्थसंकल्प मिळणं हा आपला कायदेशीर हक्क आहे का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नगरपालिकेच्या विकास आराखड्यावर हरकत घ्यायची होती, म्हणून तुम्ही तालुक्याच्या वाचनालयात आराखड्याचा अहवाल, राजपत्र (शासन कायदे आणि अधिसूचना ज्यात प्रसिद्ध करतं ते) आणि पालिकेचा अर्थसंकल्प मागितला. ‘आमच्याकडे असलं काही येत नाही’ एवढंच उत्तर मिळालं. वाचनालय शासनाचं अनुदान घेतं, मग हे कागद ठेवायला ते बांधील नाही का?

बांधील नाही. ग्रंथपालांनी सांगितलं ते खरं आहे आणि त्यात त्यांचा दोषही नाही. आपल्याकडे ग्रंथालयांचे कायदे एकीकडे झाले, माहितीचे दुसरीकडे, आणि या दोघांची गाठ घालून द्यायचं काम कुणी केलंच नाही. मी एका अनुदानित ग्रंथालयाच्या कार्यकारिणीत आहे आणि लोकांना माहिती अधिकाराचे अर्ज लिहायला मदत करतो, त्यामुळे ही फट दोन्ही बाजूंनी दिसते. पण ती बुजवायला लागणारं एक उपकलम माहिती अधिकार कायद्यातच आहे. त्याच्याकडे फारसं कुणी बघत नाही, म्हणून हे उत्तर जरा लांबणार आहे.

आधी ग्रंथालयांची बाजू. राज्यघटनेत ग्रंथालयं राज्यसूचीत येतात, म्हणून प्रत्येक राज्याचा कायदा निराळा. कोल्हापूर संस्थानाने १९४५ मध्येच असा कायदा केला होता. आजचा महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ चा आहे. त्यातून ग्रंथालय संचालनालय उभं राहिलं, राज्य ग्रंथालय परिषद आली, जिल्हा ग्रंथालय समित्या आल्या. मद्रासने १९४८ च्या कायद्यात ग्रंथालयांसाठी लोकांवर उपकर बसवला. आपण बसवला नाही, आपल्याकडे शासन अनुदान देतं. १९७० च्या नियमांप्रमाणे अ, ब, क, ड असे वर्ग पडतात आणि वर्ग ठरवताना ग्रंथसंख्या, वर्तमानपत्रं, नियतकालिकं, सभासद अशा गोष्टी बघितल्या जातात. तपासणीच्या वेळी दाखलनोंद वही (आलेल्या पुस्तकांची नोंद) बघतात, देवघेव बघतात. पण गावच्या पालिकेचा अर्थसंकल्प नागरिकाला इथे वाचायला मिळाला पाहिजे, असं या अधिनियमात कुठेही म्हटलेलं नाही. शासनाचं ‘लोकराज्य’ मासिक येतं, ते चांगलंही असतं. पण शासनाला जे सांगायचं आहे ते त्यात असतं. नागरिकाला जे विचारायचं आहे, त्याची कागदपत्रं वेगळी.

दुसरा कायदा १९५४ चा, सार्वजनिक ग्रंथालयांना पुस्तकं पोचवण्याचा. देशात छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची एकेक प्रत प्रकाशकाने स्वखर्चाने, तीस दिवसांच्या आत, चार ग्रंथालयांना द्यायची: कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, चेन्नईचं कॉनेमारा, दिल्ली पब्लिक लायब्ररी आणि मुंबईचं टाऊन हॉलमधलं मध्यवर्ती ग्रंथालय. १९५६ मध्ये त्यात वर्तमानपत्रंही आली. याच कायद्याचं कलम ८ सांगतं की शासनाने प्रकाशित केलेल्या पुस्तकांनाही हा नियम लागू आहे. इथे थांबलं असतं तर आपलं निम्मं काम झालं असतं. पण पुढे जोडलं आहे की केवळ कार्यालयीन उपयोगासाठी असलेल्या पुस्तकांना तो लागू नाही. आता केवळ कार्यालयीन उपयोगासाठी काय आहे, हे ठरवणार कोण? पुस्तक काढणारं खातंच. शिवाय या कायद्यातली पुस्तकाची व्याख्या छापील वस्तूंची आहे: खंड, पुस्तिका, नकाशा, तक्ता. खात्याच्या संकेतस्थळावर टाकलेली पीडीएफ तिच्यात बसत नाही. आज बहुतेक सरकारी अहवाल पीडीएफच असतात. संकेतस्थळ नवं झालं, दुवे बदलले आणि जुने अहवाल गेले, की ते पुन्हा कुठे मिळतील हे सांगायला हा कायदा अपुरा पडतो. केंद्राचं राजपत्र तर २०१५ पासून छापलंच जात नाही, ते फक्त इलेक्ट्रॉनिक असतं. घरात इंटरनेट आणि छपाईयंत्र असलेल्याची यात सोय झाली. वाचनालयातल्या बाकावर बसून वर्तमानपत्र वाचणाऱ्या म्हाताऱ्या माणसाची झाली नाही, आणि मला ही गोष्ट मनापासून टोचते.

राजपत्राबद्दल एवढं का बोलतो, त्यासाठी सर्वोच्च न्यायालयाचा १९५१ चा हरला विरुद्ध राजस्थान हा निकाल बघा. जयपूर संस्थानाच्या मंत्रिमंडळाने १९२३ मध्ये ठराव करून अफूविषयीचा कायदा केला, पण तो कधी प्रसिद्धच केला नाही. त्या कायद्याखाली हरला या माणसाला पन्नास रुपये दंड झाला. न्यायालयाने तो रद्द केला. लोकांना कळवलेलाच नाही असा कायदा लोकांवर लादता येत नाही, हे त्यामागचं तत्त्व. माझ्या मते ग्रंथालयाचा आणि सरकारी माहितीचा संबंध इथूनच सुरू होतो. शासनाने कळवलं असं म्हणायचं, तर लोकांना चालत जाऊन जिथे वाचता येईल अशी जागा हवी.

अमेरिकेत ही जागा कायद्यानेच ठरवलेली आहे. तिथे १८१३ मधल्या एका ठरावापासून सरकारी प्रकाशनं ठरावीक ग्रंथालयांना देण्याची प्रथा पडली. पुढे तिचा मोठा कार्यक्रम झाला आणि ग्रंथालयांना प्रती फुकट मिळतात त्या एका अटीवर, की त्या कुणालाही फुकट बघू द्यायच्या. आपल्याकडे जिल्हा शासकीय ग्रंथालयं आहेत, गावोगाव अनुदानित वाचनालयं आहेत, म्हणजे जागा आहेत. अट घालायची राहिली आहे.

आता माहितीची बाजू. २००५ च्या माहिती अधिकार कायद्यात लोकांना ठाऊक असतो तो अर्ज: दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप, तीस दिवस, मग अपील. पण अर्ज हा या कायद्याचा दुसरा दरवाजा आहे. पहिला कलम ४ चा. प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने, म्हणजे सरकारी कार्यालयाने किंवा पालिकेसारख्या संस्थेने, सतरा मुद्द्यांची माहिती मागितल्याशिवाय, स्वतःहून प्रसिद्ध करायची आणि दरवर्षी अद्ययावत करायची. अर्थसंकल्पातली तरतूद आणि खर्च त्यात येतो, अनुदानाचे लाभार्थी येतात, परवाने आणि सवलती कुणाला दिल्या ते येतं. कलम ४(२) सांगतं की लोकांना अर्ज करायची वेळच कमीत कमी यावी. आणि कलम ४(१)(ख) मधला पंधरावा मुद्दा आहे नागरिकांना माहिती मिळवण्यासाठी असलेल्या सुविधांचा तपशील. त्यात सार्वजनिक वापरासाठी ग्रंथालय किंवा वाचनकक्ष चालवला जात असेल, तर त्याच्या वेळाही जाहीर करायच्या आहेत.

म्हणजे माहिती मिळण्याची जागा म्हणून ग्रंथालय आणि वाचनकक्ष संसदेच्या डोळ्यांसमोर होते. सक्ती नाही, ‘असेल तर’ असं आहे. पण याला कलम ४(४) जोडून वाचा. माहितीचा प्रसार करताना खर्च, स्थानिक भाषा आणि त्या भागातली सर्वांत परिणामकारक पद्धत लक्षात घ्यायची, असं ते म्हणतं. तालुक्याच्या गावात रोज लोक येऊन बसतात अशी जागा वाचनालयाखेरीज दुसरी कुठली आहे? पालिकेने अर्थसंकल्पाची एक प्रत तिथे ठेवली तर या कलमाचं पालन होतं आणि खर्च जवळजवळ शून्य. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये किशनचंद जैन प्रकरणात माहिती अधिकाराची अपिलं ऐकणाऱ्या माहिती आयोगांना सांगितलं आहे की कलम ४ ची अंमलबजावणी होते की नाही यावर सतत लक्ष ठेवा. आयोगाला कलम १९(८) खाली प्राधिकरणाकडून विशिष्ट माहिती प्रसिद्ध करून घेण्याचा अधिकारही आहे. एवढं हातात असताना आपण प्रत्येक वेळी एकट्याने अर्ज करत बसतो, प्रत कपाटात ठेवतो आणि पुढच्या वर्षी शेजारचा माणूस तोच अर्ज पुन्हा करतो.

तुमच्या आराखड्याचं तर वेगळंच आहे. तिथे अर्जाच्या उत्तराची वाट बघूच नका. हरकतींची मुदत सुरू झालेली असते आणि माहिती अधिकारात उत्तराला तीस दिवस मिळतात. कागद हाती येईपर्यंत मुदत सरलेली असेल. नगररचना कायद्याप्रमाणे प्रारूप आराखडा लोकांना पाहायला ठेवावाच लागतो, तेव्हा थेट नगररचना विभागात जाऊन बघा. दुसरी सोय सोमवारची. २६ नोव्हेंबर २०१८ च्या शासन निर्णयाने जिल्हास्तरीय कार्यालयं आणि स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना अभिलेख, म्हणजे कार्यालयातली कागदपत्रं, पाहायला द्यायचं ठरलं आहे. पुणे महापालिकेत हे आधीपासून सुरू होतं, तेच पुढे राज्यभर नेलं. जाताना त्या शासन निर्णयाची छापील प्रत खिशात ठेवा. अनुभव असा, की बऱ्याच ठिकाणी समोरच्या कर्मचाऱ्याला तो माहीत नसतो, आणि प्रत दाखवली की बोलणं लगेच बदलतं.

वाचनालयाला अडचण वाटते ती बहुधा छायाप्रतींची: सरकारी अहवालाची झेरॉक्स काढून ठेवली तर कॉपीराइटचं काय? शासनाच्या लेखनावर कॉपीराइट असतो हे खरं, पण १९५७ च्या कायद्याच्या कलम ५२(१)(थ) मध्ये मोठी सूट आहे. राजपत्रातला मजकूर, विधिमंडळापुढे किंवा संसदेपुढे ठेवलेले समित्या-आयोगांचे अहवाल आणि न्यायालयांचे निकाल पुन्हा छापता येतात. मनाई केली असेल तरच अडतं. कायदे मात्र टीप किंवा भाष्यासह छापावेत अशी अट आहे. माहिती अधिकारात मिळालेली प्रत वाचनालयाला द्यायलाही हा कायदा आडवा येत नाही. फक्त देण्याआधी त्यातले खासगी माणसांचे पत्ते आणि फोन क्रमांक झाका.

खासगी माहितीचा विषय निघाला म्हणून एक काळजीची गोष्ट. वैयक्तिक डेटा संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्याने माहिती अधिकारातलं कलम ८(१)(ञ) बदललं आणि नोव्हेंबर २०२५ पासून तो बदल लागू झाला. पूर्वी वैयक्तिक माहिती नाकारताना तिचा सार्वजनिक कामाशी संबंध आहे का, हे बघावं लागायचं. विधिमंडळाला जी नाकारता येत नाही ती नागरिकालाही नाकारता येणार नाही, असंही तिथे लिहिलं होतं. दोन्ही गेलं. लाभार्थ्यांच्या याद्या, ठेकेदारांची नावं ‘वैयक्तिक’ म्हणून अडवली जाण्याचा धोका त्यामुळे वाढला आहे, आणि हा बदल मला चुकीचा वाटतो. कलम ८(२) मात्र शाबूत आहे: जनहित मोठं असेल तर सूट असलेली माहितीही देता येते. अपिलात ते कलम नाव घेऊन लिहा, आणि जनहित काय ते एका ओळीत सांगा.

राहता राहिलं तुमचं वाचनालय. ते मोठ्या प्रमाणात शासकीय अनुदानावर चालत असेल, तर ते स्वतःच माहिती अधिकाराखाली येऊ शकतं. संस्था खासगी असली तरी, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये डीएव्ही कॉलेज ट्रस्टच्या निकालात स्पष्ट केलं आहे. पण माझी विनंती आहे, ग्रंथपालांवर अर्ज टाकू नका. तुटपुंज्या मानधनावर ते दिवसभर तिथे बसलेले असतात. त्यांना सोबत घ्या. कार्यकारिणीला पत्र द्या की ‘नागरिक माहिती कक्ष’ म्हणून एक कपाट मोकळं करा. जुनी जिल्हा जनगणना पुस्तिका, गॅझेटिअर, पालिकेचा अर्थसंकल्प, लेखापरीक्षण अहवाल, तालुक्याशी संबंधित शासन निर्णय: सुरुवातीला एवढं पुरे. प्रत्येक शासन निर्णयावर संगणक संकेतांक असतो, तो दाखलनोंदीत लिहून ठेवला की पुढे शोधणं सोपं जातं. पीडीएफ असेल तर ती छापून, वर उतरवून घेतल्याची तारीख घालून बांधा.

आणि पालिकेला दोन कागद द्या. एक साधं निवेदन, मुख्याधिकाऱ्यांच्या नावे: कलम ४(४) नुसार अर्थसंकल्प, लेखापरीक्षण अहवाल व सर्वसाधारण सभेची इतिवृत्तं यांची प्रत दरवर्षी वाचनालयात ठेवावी. दुसरा माहिती अधिकाराचा अर्ज. राज्याच्या नियमांप्रमाणे तो एकाच विषयावर आणि दीडशे शब्दांच्या आत हवा, म्हणून मजकूर असा ठेवा: ‘कलम ४(१)(ख)(पंधरा) नुसार आपल्या कार्यालयाने प्रसिद्ध केलेल्या माहितीची, ती शेवटची अद्ययावत केल्याच्या दिनांकासह, साक्षांकित प्रत द्यावी. नागरिकांसाठी वाचनकक्षाची सोय असल्यास त्याचं ठिकाण व वेळ दर्शवणाऱ्या अभिलेखाची प्रत द्यावी.’ कारण लिहायची गरज नाही, कलम ६(२) मध्ये तसं स्पष्ट आहे. दोन्हींवर आवक शिक्का घ्या आणि पोच घेतलेली एक प्रत वाचनालयातल्या त्या कपाटात पहिलीच लावा.