वाचनालयातलं रजिस्टर कोण वाचतं?

प्रश्न : मी सांगलीत राहते. मागच्या महिन्यात वाचनालयातून डिप्रेशनवरचं एक पुस्तक घेतलं, आणि आठवड्यात सासूबाईंनी विचारलं, "बरी आहेस ना गं?" त्यांना काउंटरवरच्या काकांनी सांगितलं होतं. असं सांगता येतं का हो?

उत्तर : ताई, नाही, सांगायला नको होतं. काकांचा हेतू काळजीचाच असेल पण तुम्ही काय वाचता हे तुमचं, घरच्यांनाही ते तुम्हीच सांगायचं. २४ ऑगस्ट २०१७ ला सुप्रीम कोर्टाच्या ९ न्यायाधीशांनी प्रायव्हसी हा मूलभूत हक्क मानलाय. २०२३ चा डेटा कायदा पण आहे, मात्र तो डिजिटल माहितीपुरता, कागदी रजिस्टर त्यात येत नाही. आणि खरी गळती तिथेच होते बघा, काउंटरवर रजिस्टर उघडं पडलेलं असतं, आपण सही करायला वाकलो की वरच्या चार ओळींत शेजारच्यांनी काय नेलं ते आपोआप दिसतं, आणि काही ठिकाणी पुस्तकाच्या मागच्या कार्डावर आधी नेणाऱ्यांची नावं पण असतात.

कार्यवाहांना साधं पत्र द्या, पोच घ्या. नावाऐवजी सभासद क्रमांक लिहा, रजिस्टर काउंटरच्या आत ठेवा, पुस्तक परत आलं की नोंद खोडा, एवढंच मागा, यात खर्च काहीच नाही. आपली बरीच वाचनालयं १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली शासनाचं अनुदान घेतात, तेव्हा दाद लागली नाही तर जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांना लेखी कळवा.

आणि ते पुस्तक अर्धवट सोडू नका हं.