स्पेनमधल्या सेव्हियात (सेव्हिल) दोनच दिवस आहोत, नाचाचा गंध नाही. तिथल्या फ्लामेंको नाचाचा क्लास करावा का?
जरूर करा, पण तासाभरात फ्लामेंको येईल ही आशा सोडून. पहिल्या क्लासात बहुतेक वेळ टाळ्या आणि पायांच्या ठेक्यातच जातो, आणि खरी गंमत तिथेच आहे. सोलेआ या प्रकाराचं आवर्तन १२ मात्रांचं, पण जोर ३, ६, ८, १० आणि १२ वर. आपल्या कानाला सवय पहिल्या मात्रेवरच्या समेची, त्यामुळे कथक शिकलेलेही गडबडतात! नुसती मजा हवी असेल तर सेव्हियानास हा तिथला लोकनाच शिकवणारा क्लास बघा. हा नाच जोडीने करतात, तिथल्या एप्रिलच्या जत्रेत तर लहानथोर सगळेच. स्पोर्ट्स शूज नकोत, ठेका वाजतच नाही. घट्ट बसणारे, जाड टाचेचे बूट घाला. शो मात्र क्लासनंतर बघा; मग नजर आपोआप पायांकडे जाते.